देशासाठी कॉपी

कॉपीचं मला काय सांगतोस लेका! आमच्या गारगोटीकडं एका माणसानं अख्ख्या देशाला कॉपी पुरवायला काढलेली. मी तेव्हा तिथल्या शाळेत गणित शिकवायचो. कुठल्या देशाची पोरं गणितात पुढं आहेत ते बघायला सगळ्या देशांत एकच पेपर घेणार होते, आणि आमची आठवी त्यात निवडली गेली. फी न्हाय, निकाल न्हाय, मग परीक्षा कशाला, असा गावाला आधीपासनंच संशय.

पुण्याहून एक बाई पेपर घेऊन आल्या. पेपर सुरू झाला आणि मागच्या खिडकीत, आठवीतल्या सविताचा चुलता दिनकर दिसला. गजातनं सूत्रांची चिठ्ठी आत सारत होता! बाई कडाडल्या, "शाळा बाद करीन!" बाई आणि मी दोघंही बाहेर त्याच्याकडं पळालो.

मी म्हटलं, "दिनकरराव, ह्यात सविताला मार्क मिळणार न्हाईत."

"मग कुणाला?"

"देशाला."

"आं? मग तर चिठ्ठी द्यायलाच पायजे की! देशाच्या अब्रूचा प्रश्न हाय."

बाई म्हणाल्या, "अहो, जपानची मुलं स्वतःच्या डोक्यानं सोडवतात."

दिनकरनं डोळे बारीक केले. "तुम्ही गेलता बघायला?"

"नाही."

"मग त्यांच्या खिडकीत कुणाचा चुलता उभा न्हवता, हे कशावरनं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. तिथं आता सविताचा मामा उभा होता.