पूजा झालेला डबा

कचऱ्याच्या डब्यापुढे नारळ फोडलेला कधी बघितलाय का तुम्ही? मी बघितलाय, गोराईला.

तिथल्या बीचला म्हणे स्वच्छतेचं कसलंतरी मोठं प्रमाणपत्र मिळायचं होतं, म्हणून नवेकोरे डबे आणले होते. रविवारी मी बोरिवलीहून सहज फिरायला गेले. कणीस खाल्लं आणि उरलेलं टाकायला डब्याकडे वळले, तर कणीसवाल्या मावशी ओरडल्या, "अगं ए, थांब! सकाळीच पूजा झालीये त्याची!"

बघते तर काय, डब्याला झेंडूचा हार, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक आणि पुढ्यात फोडलेला नारळ!

"मावशी, पण डबा कचऱ्याचाच आहे ना?"

"हो, म्हणून काय पूजेच्या दिवशीच त्यात उष्टं टाकणार?"

"मग टाकू कुठे?"

"ते मला काय विचारतेस? तपासणीचे साहेब येतायत, त्यांना विचार."

शेजारी एक काका रिकामं शहाळं धरून उभे होते. म्हणाले, "मीपण त्यांचीच वाट बघतोय." मी त्यांच्या मागे उभी राहिले.

साहेब आले. मावशींनी आग्रह करून त्यांनाही कणीस खायला घातलं. खाऊन झाल्यावर ते डब्याकडे गेले. हार बघितला, स्वस्तिक बघितलं, हातातल्या उष्ट्या कणसाकडे बघितलं. मग चक्क बूट काढून डब्याला नमस्कार केला, माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि हळूच विचारलं,

"मॅडम, लाइन हीच ना?"