माज्या बाळंतपणाचं अंजीर

काय सांगू तुमाला, माजं माहेर सुप्याकडं, कोरडवाहू, बाजरी पिकली तर पिकली. दिलं ते हितं बारामतीच्या कालव्याखाली, अंजिराच्या बागेत. उन्हाळ्यात फळ झाडावरच फुटायचं, फुटलं की बाजारात चालायचं न्हाय, मग ते म्हशीम्होरं. म्हशीम्होरं, म्हनते मी. आन् पैल्या बाळंतपणात मला नुसती पेज, उठले की डोळ्याम्होरं अंधारी यायची. म्हनून दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर सासूला इचारलं, आत्याबाई, ही फुटकी फळं माज्यासाठी वाळवू का, तर म्हनाल्या, वाळव बाई, कुणाचं काय जातंय.

तो उन्हाळा म्या पोट सांभाळत काढला. फळ उकळत्या पान्यातनं काढायचं, बाजंवर जुनं धोतर अंथरून मांडायचं, बाजंचं पाय पान्याच्या वाट्यात, मुंग्या चढू न्हाईत म्हनून, रोज उलटायचं, सांज झाली की घरात, न्हायतर आंबतं. चिकानं बोटं सोलवटली. दाबून रस आला न्हाय की वाळलं. मग गार झाल्यावर चपटं करून चिनीमातीच्या बरणीत, मधी मधी कडूलिंबाचा वाळला पाला, तोंडाला फडकं.

पोरगी झाली. बाजंवरनं थोरल्या जावंला म्हनलं, जाऊबाई, बरणी आणा. तिनं आणून फडकं सोडलं. बरणी रिकामी. साखर कारखाना तवा नवा निघत व्हता, त्या कामाला पाव्हनं आलं, त्यांच्याम्होरं थोरल्या दिरानं सगळी वतली, घरचा मेवा म्हनून. मालकांना, म्हंजी माज्या नवऱ्याला, म्हायती व्हतं. त्यांनी बी आडवलं न्हाय.

हिंडाफिराया लागले तशी बाहेरच्या सोप्यात दिराम्होरं गेले. डोईवर पदर घेतला, पर तोंड वर करून इचारलं, भावजी, बाळंतिणीचं खाणं पाव्हन्याला कसं दिलं? म्हनाले, झाडं आमची, फळ आमचं, तुजं काय त्यात? म्या म्हनलं, म्हशीम्होरं टाकत व्हता तवा कुणाचं व्हतं?

हात उगारला त्यांनी. आत्याबाई मधी आल्या म्हनून ऱ्हायलं.

फुडल्या उन्हाळ्यात दीर जावंला म्हनाले, धाकटीला सांग, दोन बरण्या कर, पाव्हनं इचारत्यात. म्या म्हनलं, न्हाय करत. मालकांनी समजावलं, मग रागं भरले. न्हाय म्हंजी न्हाय. शेवटाला जावंनंच घातली वाळत, येळच्या येळी उलटली न्हाईत, आळ्या पडल्या, सगळं उकिरड्यावर. तवा आत्याबाईंनी कोठीच्या खोलीची किल्ली कमरंची काढून माज्या हातात दिली, दिरादेखत. त्याच्या फुडं घरात जी जी बाळंत झाली तिला अंजीर म्या दिलं, जावंला बी दिलं. पर दीर मरंपतुर चुकलं म्हनाले न्हाईत.

आता बागेच्या रानात बी ऊस आला, ट्रॅक्टर आला, पोरांनी झाडं काढली. एक राखलंय म्या, भांडून. नातवंडं म्हनत्यात, आज्जे, इतकी वर्सं झाली, सोड की राग. का सोडू? तुमचं भलं होवो, लेकीबाळी सुखात ऱ्हावोत, पर राग सोड म्हनून मला सांगू नगा.