रिकाम्या आसनापुढे आडवा गेलेला हात

माझे नाव व पत्ता ओळखपत्रावरून नोंदवून घेतले आहेत. वय ६४ वर्षे, व्यवसाय: निवृत्त प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्र. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. माझी पत्नी गेल्या वर्षापासून तिच्या थोरल्या बहिणीकडे असते. त्याचे कारण प्रस्तुत प्रकरणाशी संबंधित नाही.

आज सकाळी मी मोटार चालवीत वाचनालयाकडे जात असता वळणावर एक पाळीव कुत्रे आडवे आले. त्याचा बेजबाबदार मालक पदपथावर मोबाइलमध्ये गढलेला होता. मी ब्रेक दाबला. त्याच क्षणी माझा डावा हात स्टिअरिंग सोडून शेजारच्या रिकाम्या आसनापुढे आडवा गेला. एकट्या उजव्या हाताने मोटार सावरता आली नाही व ती किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीवर आदळली. त्याचा पाय मुरगळला, याचा मला खेद आहे.

किल्लीवाला म्हणाला, "साहेब, यांचा हात स्टिअरिंगवर नव्हताच. फोनवर असणार, दुसरं काय!" मी आसनाचे सांगितल्यावर तो हसला. "अहो, रिकाम्या सीटला कोण सावरतं?" हवालदारांनीही सुचवले, "सर, फोन होता म्हणा, लवकर आटपेल." तसे म्हटल्यास परवाना निलंबित होतो. पत्नीच्या बहिणीच्या गावी स्वतःच्या वाहनाखेरीज पोचता येत नाही. मी तेथे अद्याप गेलेलो नाही.

शेजारी बसलेल्यास सावरण्याची ही क्रिया अभिसंधित प्रतिक्षेप होय. हवालदारांनी लिहिलेला "झटका" नव्हे. सवयीने जडलेली अशी क्रिया विचाराच्या आधी घडते आणि तिचे प्रयोजन संपले की क्रमाने मावळते, असे मी आयुष्यभर शिकवले. वर्षभरात ती मावळावयास हवी होती. ती का मावळली नाही, हे मला सांगता येत नाही.

पुरावा मागितला असता, हे केवळ पत्नी जाणते, असे मी सांगितले. फौजदारांनी माझ्यासमक्ष तिला स्पीकरवर फोन लावला. ती म्हणाली, "घालतातच ते हात आडवा. दोनदा चष्मा फुटलाय माझा. मी ओरडायची, अहो, बेल्ट लावलाय मी, तुम्ही गाडी सांभाळा!" मग तिने विचारले, "आज शेजारी कोण होतं?"

"कोणीच नाही, बाई," फौजदार म्हणाले.

नंतर "त्यांना लागलंय का?" असे तिने विचारले. फौजदारांनी फोन माझ्या हाती दिला. मोटारीचा डावा दिवा फुटला आहे, असे मी तिला सांगितले.

हा जबाब मला वाचून दाखवला. शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या असून आता तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. पत्नी साक्षीदार असल्याने तिला याची प्रत देण्यास माझी हरकत नाही. परवाना राहिल्यास ती प्रत मी स्वतः नेऊन देण्यास तयार आहे.