‘काही नाही’ आणि ‘काही दिसत नाही’

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, केंद्रातले शिक्षक आणि समोर बसलेल्या सर्व वैमानिकांनो,

आज निवृत्त होणाऱ्या तुमच्या मॅडम म्हणजे माझ्या नणंद. तुम्ही त्यांना घाबरता, मी त्यांना वन्सं म्हणते. फार फरक नाही. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे वाचलं ते वन्संच्या कपाटातून. तेव्हा हवामान रडारवर मला बोलायला लावून अध्यक्षांनी धोकाच पत्करलाय.

रडारच्या पडद्यावर जोराचा पाऊस लाल दिसतो. त्या लालच्या मागे कधी कधी काळा पट्टा असतो. काळं म्हणजे काय? मोकळं आकाश? माझ्या यजमानांना तसंच वाटलं. मुरलेले वैमानिक ते. “पुढे काही नाही,” म्हणाले, विमानातल्या ध्वनिमुद्रणात ते ऐकू येतं, आणि त्या काळ्यात शिरले. अलीकडच्या दाट पावसाने रडारची नजर अडवली होती. पलीकडे वादळ होतं. ते परत आले नाहीत.

वर्षभराने वन्सं माझ्या स्वयंपाकघरात आल्या. मी भांडी विसळत होते.

“वहिनी, दादाच्या त्या पडद्याचं चौकशीत काढलेलं चित्र मला माझ्या रडारच्या वर्गात दाखवायचंय. नाव नाही घेणार. ‘एक वैमानिक’ म्हणेन.”

“मग पोरं हसतील. म्हणतील, असं कोण करतं?”

“नको दाखवू?”

“दाखवा. पण ‘एक वैमानिक’ नाही. ‘माझा भाऊ’ म्हणा.”

वन्सं फडकं घेऊन भांडी पुसत बसल्या.

तेव्हापासून या वर्गात “पुढे काही नाही” म्हणणाऱ्याला दार दाखवलं जातं. “काही दिसत नाही, असं म्हण आणि मग आत ये!” केस पिकलेले कॅप्टनसुद्धा बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहिलेत. आता माना कशाला खाली घालता?

पुढे आपोआप चालणारी रडार आली. आता शिकवायचं काय उरलं, असं म्हणून वर्ग बंद करायचं ठरलं. अध्यक्षसाहेब, तुम्हीच म्हणाला होतात, रागावू नका. त्या संध्याकाळी वन्सं मला म्हणाल्या, “दादा फुकट गेला, वहिनी.” इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं.

आणि गेल्या महिन्यात काय झालं? पहिल्या रांगेतली ही कॅप्टन, वन्संची विद्यार्थिनी. पडद्यावर समोर लाल, त्या लालच्या मागे काळं. सहवैमानिक म्हणाला, “मागे मोकळं आहे.” हिने विचारलं, “मोकळं आहे, की दिसत नाही?” रडारची नजर खाली झुकवली. तिथे जमीन उमटायला हवी होती, काळंच राहिलं. रडारला पलीकडचं दिसतच नव्हतं! हिने विमान लांबून वळवलं. बाजूला गेल्यावर तो काळा पट्टा सगळा लालभडक झाला.

आज सकाळी अध्यक्षसाहेबांनी सही केली. हा वर्ग केल्याशिवाय इथल्या एकाही वैमानिकाला विमान मिळणार नाही. अहो, टाळ्या वाजवा! वन्सं, उठा, उभ्या राहा. जिंकलात तुम्ही!

बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर घरचीच बाई म्हणून सांभाळून घ्या. आभार तुम्हा सगळ्यांचे आहेतच, पण खास आभार त्या विमानातल्या प्रवाशांचे. उशीर झाला म्हणून ते कर्मचाऱ्यांशी भांडले, तक्रारी केल्या, आणि तणतणत का होईना, सगळेच्या सगळे घरी पोचले.