आबांची जीभ

सून : तसं नाही भाऊजी, आधी वाकून ही पाती बघा. कालपर्यंत हिरवीगार होती. आज टोकं करपलीत.

थोरला : रोग असेल.

सून : रोग एका रात्रीत सगळ्या शेतात येतो? बांधाची झडप उघडली, नदीचं पाणी आत आलं, आणि सकाळी हे. दाणा अजून दुधात आहे माझा. खारं पाणी सोडलंत तुम्ही.

थोरला : मी? नदीत खाडीचं खारं चढलंय का ते आबांनी चाखलं, आबा गोड म्हणाले, मग उघडली. तीस वर्षं हीच रीत आहे. बसलेत समोर, विचार.

आबा : गोडच होतं. चाळीस शेतं माझ्या जिभेवर चालतात, सूनबाई.

सून : ठरलं काय होतं? आधी सगळ्यांचं भात घरात, मग खारं पाणी आणि कोळंबी.

थोरला : सगळ्यांचं आलंच की. तुझी एकटीची लावणी उशिरा.

सून : तुमचा भाऊ गेला त्या महिन्यात.

थोरला : नदी काही दुखवट्याला थांबत नाही. आणि भात हाती आलं नाही तर शेत आमच्या कोळंबीच्या तळ्यात देईन, हे तूच कबूल केलंस.

सून : आबा, ही माझ्या शेतातल्या पाण्याची ओंजळ. चाखा.

आबा : गोड आहे.

सून : मी थुंकून टाकलं हो हेच पाणी. आबा, तापातून उठल्यापासून तुम्हाला चवच नाही. चार दिवस मी भाजीत मीठ घातलं नाही. तुम्ही मुकाट्यानं जेवून उठलात.

आबा : कुणाला सांगितलंस?

सून : कुणालाच नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तुमचा मान राहावा म्हणून गप्प बसले.

थोरला : म्हणजे तुलाही ठाऊक होतं.

सून : तुम्हालाही?

थोरला : मला पावसाळ्यापासून ठाऊक आहे. मुद्दाम भरतीला नेलं त्यांना. ‘गोड आहे ना आबा?’ म्हटलं, ‘हो’ म्हणाले. तू तेव्हाच तोंड उघडलं असतंस तर चाखायला दुसरा कुणी आला असता. आता मला कशाला बोल लावतेस?

सून : आबा, ऐकलंत ना? उद्याच्या शेतकऱ्यांच्या बैठकीत एवढंच सांगा, की चव लागत नाही. झडप चुकून उघडली तर सगळ्यांनी मिळून त्या शेताचं भात भरून द्यायचं, हा तुमचाच नियम. माझं शेत राहील.

थोरला : सांगा आबा. मग परवापासून झडपेवर दुसरा माणूस, आणि तुम्ही घरात माश्या मारत बसा. नाहीतर झाकली मूठ सव्वा लाखाची.

आबा : पाणी गोड होतं.

सून : आबा.

आबा : बियाणं हलकं होतं तुझं. बैठकीत मी तेच सांगणार.

थोरला : झालं तर. तुझ्या शेताचा नि तळ्याचा मधला बांध फोडतो. तू ये कोळंबी निवडायला, सावलीतलं काम आहे.

सून : भात उभं आहे अजून. गोडं पाणी मिळालं तर निम्मं तरी वाचेल. चार दिवस द्या भाऊजी.

थोरला : काय करू, आबा?

आबा : फोड. ते भात रोज तिच्या डोळ्यांसमोर करपायला नको.