मोहाखालची हाक

दुर्गा : वाचू का पुढं, सुगंधाबाई? का राहू देऊ आज?

सुगंधाबाई : वाच. मोहफुलं निवडाले डोळे लागते, कान रिकामेच हाय.

दुर्गा : "मी झुडपाआड दबून बसले. पिल्लं मागे नाल्यात भुकेली होती. समोर मोहाच्या झाडाखाली ठमाबाई वाकून फुलं वेचत होती..."

सुगंधाबाई : थांब. हे 'मी' म्हणजे वाघीण नं?

दुर्गा : हो. पयल्यापासून तीच सांगते गोष्ट.

सुगंधाबाई : बोलते तं पुण्याच्या बाईवानी. राहू दे. पन तिले ठमाचं नाव कोनं सांगतलं?

दुर्गा : (ओळ पुन्हा वाचत) ठमाबाई वाकून...

सुगंधाबाई : आमी जंगलात वाघिणीचं नाव तोंडावर आनत नाई, 'मोठी' म्हनतो. अन् तिले आमची नावं पाठ? रेशनकार्ड वाचलं का तिनं?

दुर्गा : चुकलंच माझं. तिले दिसलं असन ते एक वाकलेलं जनावर. मागच्या साली ठमाबाई गेली तवा फॉरेस्टचे गार्डसाहेब तेच सांगत होते, उभ्या मानसावर ती सहसा येत नाई म्हने. नाव काढते. 'वाकलेलं जनावर' लिहिते.

सुगंधाबाई : लिव. पेपरात 'एक महिला ठार' झाली, पंचनाम्यात 'मयत' झाली. तुह्या गोष्टीत माही जाऊ जनावर होऊ दे.

दुर्गा : म्हणून तं तुमाले ऐकवाले आली. दिवाळी अंकाले पाठवाची आहे. तुमी नाई म्हनलं तं चुलीत टाकते.

सुगंधाबाई : चूल पेटूनच हाय.

दुर्गा : नाव ठेवलं तं वाघीण खोटी पडते, काढलं तं ठमाबाईच जाते. आठ दिवसांपासून इथंच अडकून राह्यली मी. वाटलं, शेवटी वाघिणीले पस्तावा झाला असं लिहावं.

सुगंधाबाई : नोको. पिलं उपाशी होते तिचे. ते काऊन रडन? रडाले आमी होतो.

(सुगंधाबाई सुपातली फुलं पाखडते.)

सुगंधाबाई : एक नाव ऐकलं असन तिनं.

दुर्गा : कोणतं?

सुगंधाबाई : मोहं वेचताना आमी हाका देतो नं. एकीनं नाव घ्याचं, दुसरीनं ओ द्याची. मंग समजते, हाय म्हनून. त्या दिवशी मी ओ नाई देल्ली.

दुर्गा : काऊन?

सुगंधाबाई : झाडावरून वाजलं होतं सकाळी. माह्या मोहाखालचा पाला जाळून तिनं वेचाले जागा साफ केली, अन् झाडच आपलं म्हने. मी फुगून दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसली. तीन डाव हाक आली, 'सुगंधे'. मी म्हनलं, बोंबलू दे.

दुर्गा : घरी कोनाले माहीत आहे हे?

सुगंधाबाई : नाई. गार्डसाहेबानं इचारलं, काई आवाज आला का. नाई म्हनलं.

दुर्गा : मी नाई लिहिणार हे, बाई.

सुगंधाबाई : लिव. ठमाले जनावर केलं तं केलं, वाकूनच होती ते. पन वाघीण जवळ होती. ते जनावर कोनाले बलावत होतं, हे तिनं ऐकलं.

दुर्गा : अन् तुमी ओ नाई देल्ली, ते?

सुगंधाबाई : तिच्याच तोंडून सांगून टाक. माह्या तोंडातून नाई निंगत.