आपला संघ, ज्याच्या त्याच्या फोनवर

ताई : ‘अर्धा सरला, अर्धा उरला, दाराशी कोण ताटकळला? या रे या, या गं या, खेळ तुमचा सुरू झाला!’ अजून कानात आहे माझ्या. फुटबॉलच्या मैदानाच्या फाटकावरचा तो म्हातारा जाऊन जमाना लोटला, पण आवाज तसाच. हाफटाइम झाला की फाटक सताड उघडायचा आणि बिनतिकिटाची सगळी पोरं आत घ्यायचा. कुणाला विचारून? कुणालाच नाही. आणि आज सामने दाखवणारी ही कंपनी मला सांगते, आधी पैसे भर, मग बघ!

(शनिवारची दुपार. छोटं सलून : दोन खुर्च्या, भिंतीला लागून एक बाकडं, वर बंद टीव्ही. धाकटा भाऊ आपल्या शाळेतल्या मित्राची, वीज कंपनीतल्या मीटरवाल्याची दाढी करतोय. ताई समोरच्या शिवणकामाच्या दुकानातून आलीय, गळ्यात टेप, दारातच उभी.)

धाकटा : ताई, दारातून बाजूला हो. उजेड अडतोय. वस्तरा आहे हातात.

मीटरवाला : आणि वस्तऱ्याखाली गळा माझा आहे. भांडण जरा सबुरीनं घ्या, ताई.

ताई : मी भांडत नाहीये, विचारतेय. संघ कुणाचा?

धाकटा : आपला.

ताई : काचकारखान्याचा. बाबा भट्टीवर होते तेव्हापासूनचा. कारखाना बंद पडला, धुराडं पाडलं, तरी संघ तेवढा उरला. पोरं कुठली?

धाकटा : इथलीच. गोलकीपर तर आपल्या बेकरीवाल्याचा जावई.

ताई : आणि आज संध्याकाळी ती खेळणार कुठे?

धाकटा : मोठ्या शहरात. तिथल्या मैदानाला दिवे आहेत. कॅमेऱ्याला उजेड लागतो म्हणे.

ताई : आणि आपलं मैदान?

मीटरवाला : गवत आलंय, गुडघ्याएवढं. परवा तिथला मीटर बघायला गेलो होतो. आकडा जागचा हललेला नाही. एक गाय निवांत गोलच्या खांबाला पाठ घासत होती. एवढ्या मोकळेपणानं त्या गोलपाशी मी आजवर कुणाला जाताना पाहिलं नाही, आपल्या सेंटर फॉरवर्डलासुद्धा नाही.

ताई : हसू नकोस रे. म्हणजे सामना घरचा, पण खेळायचा परगावी. आणि तो बघायचा तर पैसे भरायचे परक्याला. ही कुठली रीत?

धाकटा : रीत नाही, करार म्हणतात त्याला. क्लबनं सामने दाखवायचे हक्क विकले.

ताई : विकले! कुणाचे विकले? मला विचारलं? तुला विचारलं?

मीटरवाला : मला तर घरात चहाला काय हवं तेही विचारत नाहीत.

धाकटा : तू तोंड बंद ठेव, हनुवटी करतोय. हे बघ ताई, मलाही राग नाही आला असं नाही. गेल्या वर्षापर्यंत केबलवाला दाखवायचा, आपण इथं बघायचो. आता त्याच्याकडे नाही. आणि इथं या टीव्हीवर अ‍ॅप लावायचं म्हटलं, तर त्या कंपनीचा माणूस येऊन गेला ना.

ताई : कधी?

धाकटा : मंगळवारी. बूट असे चकचकीत की भांग पाडून घ्यावा. खुर्चीत बसला, दाढी करून घेतली, गार पाण्याचा हबका मारून घेतला, आणि तोंड पुसल्यावर विचारतो, ‘हा टीव्ही गिऱ्हाइकांसाठी आहे का?’ म्हटलं, नाही, माझं मन रमावं म्हणून आहे. तर म्हणतो, घरचं पॅकेज दुकानात लावलं तर तो गुन्हा. दुकानाला दुकानाचं पॅकेज. दर सांगितला त्यानं. बरं झालं तेव्हा हातात वस्तरा नव्हता.

ताई : दाढीचे पैसे तरी दिले का मेल्यानं?

धाकटा : दिले. पावती मागितली.

ताई : पावती! अरे, आमच्या बाबांनी त्या मैदानाला हातानं चुना ओढलाय. रविवारी सकाळी बादली घेऊन जायचे, दोरी धरून पांढऱ्या रेघा मारायचे. त्यांनी मागितली का कधी पावती? आम्हीच रेघा मारायच्या, आमच्याच पोरांनी त्यावर धावायचं आणि आम्हीच चोरासारखं बघायचं?

मीटरवाला : चोरासारखं नाही, ताई. त्याची सोय झालीय. तुमच्या भावानं आणि मी मिळून तोडगा काढलाय. सांग रे.

धाकटा : तूच सांग. तुझंच डोकं ते.

मीटरवाला : ज्याच्या त्याच्या फोनचं एक छोटं पॅकेज असतं. परवडण्यासारखं. तिघांनी एकदम घेतलं तर त्यातही सूट. माझ्या साल्यानं एक कोड पाठवलाय. तुमच्या भावानं तर कानात घालायचे ते सुद्धा आणलेत, पांढरे. काल रात्री घालून झोपला होता म्हणे, सवय व्हावी म्हणून.

ताई : म्हणजे तिघं एका बाकड्यावर बसून तीन फोन बघायचे? वेडे आहात का?

मीटरवाला : तेही नाही जमायचं. आम्ही करून पाहिलं. दोघांचे फोन शेजारी ठेवले, एकच सामना लावला. माझ्याकडे गोल होऊन पोरं मिठ्या मारतायत आणि याच्याकडे चेंडू अजून मधल्या वर्तुळात. मी ओरडलो, तर हा असा बघायला लागला माझ्याकडे, जसं काही मी त्याच्या ताटातलं उचलून खाल्लं.

धाकटा : खाल्लंसच. पुढचं सगळं शिळं बघितलं मी. म्हणून ठरवलं, ज्यानं त्यानं आपापल्या घरी बघायचं. निवांत.

ताई : निवांत.

धाकटा : हो. निवांत.

ताई : आजवर आपल्या संघाचा सामना कुणी निवांत बघितलाय? भिंतीचा पोपडा पडेपर्यंत ओरडतोस तू! मागच्या वर्षी अंतिम सामन्याला त्या गिऱ्हाइकाची एक बाजू कापायची विसरलास, तो तसाच लग्नाला गेला. आणि म्हणे निवांत!

मीटरवाला : नवरदेवाचा मामा होता तो. फोटोत अजून तसाच आहे.

ताई : मी फोन केला होता त्या कंपनीला. सोडते काय! एक दाबा, दोन दाबा, चार दाबा. दाबून दाबून बोट दुखलं, तेव्हा कुठं एक मुलगी बोलली. म्हणाली, ‘मॅडम, तुमचा संघ कोणता?’ मी सांगितलं. तर म्हणते, ‘तो कोणत्या गटात येतो, मॅडम?’ अगं बाई, तुझ्याकडे विकायला ठेवलाय आणि तुलाच माहीत नाही? जन्मात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं, तेही लुबाडताना.

धाकटा : मग काय ठरलं?

ताई : मी म्हटलं, मला संघ विकत नकोय, तो माझाच आहे. तिनं ‘धन्यवाद मॅडम’ म्हणून गाणं लावून दिलं.

मीटरवाला : माझं ऐका. फोन नको, तर घरचं मोठं पॅकेज एकच घेऊ. टीव्हीवर. त्याला कुणाची ना नाही. एक शनिवार याच्या घरी, एक शनिवार ताईंच्या घरी. मी दोन्हीकडे येईन, माझी वाट कुणी बघत नाही.

धाकटा : मान वर कर.

मीटरवाला : का? बोललो काय मी?

धाकटा : वर कर म्हटलं ना.

ताई : त्याला काय गप्प करतोस? बोलला तर बोलला. तुझ्या घरी मी येत नाही आणि माझ्या घरी तू येत नाहीस, हे काय गुपित आहे? अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

मीटरवाला : अर्धी दाढी राहिलीय, नाहीतर मी आत्ताच्या आत्ता पळालो असतो.

धाकटा : तूच म्हणाली होतीस. आईचं घर विकलं त्या दिवशी. ‘आईच्या मागे तुझं-माझं काय उरलं’ म्हणालीस.

ताई : आणि तू काय म्हणालास? ‘तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही.’ ते विसरलास?

धाकटा : रागात बोललो.

ताई : मग मी काय आनंदात बोलले होते?

मीटरवाला : आता बोलूनच टाकतो, मग कान काप नाहीतर नाक. मी घराघरांतून हिंडतो. कुठल्या घरात माणसं एका दिव्याखाली बसतात आणि कुठं खोलीखोलीत वेगळा जळतो, मला बाहेरच्या डब्यावरून कळतं. तुमची दुकानं समोरासमोर, मधे एवढासा रस्ता. आठवडाभर तुम्ही एक शब्द बोलत नाही. तिची मशीन चालते, तुझी कात्री चालते. शनिवार आला की ही रस्ता ओलांडून येते, या बाकड्यावर बसते आणि तू बोलायला लागतोस. सामना संपेपर्यंत पोटभर बोलता दोघं. आता ज्यानं त्यानं घरी बसून बघायचं, तर शनिवारचं काय होणार, हे मला कुणी सांगाल का?

धाकटा : तुला कोड आणायला कुणी सांगितलं होतं?

मीटरवाला : माझ्या साल्याच्या डोक्याला माझं डोकं लागलं. चुकलो.

धाकटा : हे बघ, मला घोळ नकोय. ताई, तू आमच्यातली सगळ्यांत कट्टर. एक सामना सोडत नाहीस. ताप असताना शाल पांघरून आली होतीस. तुला खेळाशी मतलब ना? मग खेळ तर मिळतोय! घरी बस, पाय पसरून बघ. तुझ्या पॅकेजचे पैसे मी भरतो, झालं? गोलमागचा कॅमेरा आहे, हवं ते परत फिरवून बघता येतं, कोण किती धावला त्याचे आकडे येतात.

ताई : मला नकोत ते आकडे.

धाकटा : बरं, आकडे नको. नुसता खेळ बघ.

ताई : फोन छोटा आहे माझा.

धाकटा : माझा मोठा आहे, तो घे. मी तुझा घेतो.

ताई : डोळे दुखतात.

धाकटा : दिवसभर सुईत दोरा ओवतेस, तेव्हा दुखत नाहीत?

ताई : तत्त्वाचा प्रश्न आहे. एकदा पैसे भरले की हे दरवर्षी वाढवणार. आज सामना विकला, उद्या सराव विकतील, परवा पोरांच्या चपलांचे ठसे विकतील!

धाकटा : विकू देत! तत्त्वं तू सांभाळ, मी सामना बघतो. पण मग संध्याकाळी दारात येऊन ‘काय झालं रे’ विचारायचं नाही.

मीटरवाला : असं नको रे बोलू. आणि ताई नसल्या तर उत्तरार्धात उलट्या गोलकडे हात करून ‘मारा, मारा’ ओरडणार कोण? बाजू बदलल्या तरी ही बाई मुद्दाम जुन्याच गोलकडे ओरडते, आपल्या पोरांना नजर लागू नये म्हणून. मी तर ड्युटीवर मित्रांना सांगत असतो, आमच्या संघाचा खरा कोच समोर कपडे शिवतो.

धाकटा : तेच तर. एवढं कळणारं माणूस असं अडून का बसतंय, तेच मला कळत नाहीये. आल्यापासून नवीन नवीन कारणं काढतेय. ताई, एक सांग, गेल्या वर्षी आलेला लेफ्ट बॅक कसा वाटतो तुला?

ताई : कोण?

धाकटा : लेफ्ट बॅक. डावीकडचा.

ताई : उंच आहे.

धाकटा : उंच आहे?

ताई : आणि केस वाढलेत. ये म्हणावं इकडे.

मीटरवाला : ताई, तो बुटका आहे. टक्कल आहे त्याला.

धाकटा : ताई.

ताई : काय ताई, ताई? दाढी कर त्याची, साबण वाळतोय.

धाकटा : वाळू दे. माझ्याकडे बघ. ते पैशाचं, तत्त्वाचं, डोळ्यांचं सगळं जरा बाजूला ठेव. खरं काय ते बोल.

ताई : बोलू?

धाकटा : बोल.

ताई : मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही.

मीटरवाला : आं?

ताई : नाही कळत. आजही नाही, कधीच नाही. कोण कुठल्या बाजूला मारतोय, पंच शिट्टी का वाजवतो, काही नाही. तू ओरडलास की मी ओरडते. तू कपाळाला हात लावलास की मी लावते.

धाकटा : अगं, पण इतकी वर्षं...

ताई : लहानपणी तुला दिसायचं नाही म्हणून खांद्यावर घ्यायची मी. तुझे दोन्ही पाय घट्ट धरून उभी राहायची, पडशील म्हणून. पुढ्यात लोकांच्या पाठी नुसत्या. वरून तू सांगायचास, ताई, असं झालं, ताई, तसं झालं. मला वाटायचं, हाच खेळ. घर विकल्यावर तू तोंड मिटलंस ते मिटलंसच. मग एका शनिवारी केबल लागलेली दिसली, मी रस्ता ओलांडून आले, बसले, आणि तू टीव्हीकडे बघत म्हणालास, ‘ताई, बघितलंस?’ बघितलं म्हटलं मी. तेव्हापासून बघतेच आहे.

धाकटा : तू कधी बोलली नाहीस.

ताई : काय बोलू? सामना कोणताही असू दे, मी तुझ्या शेजारी बसायला येते. तू ते पांढरं कानात घालून घरी बघशील, बघ बापडा. पण आज संध्याकाळी मी कुठं बसू, तेवढं सांग.